ब्लेनहाइम अजून पडलेलं नाही

मुकुंदा,

परवा तुझ्या शोकसभेत मी भांडलो. दुसऱ्या कोणाकडून तुला कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत सभा होती. समोर तुझा हार घातलेला फोटो, आणि फोटोतही शर्टाच्या खिशावर शाईचा डाग. माणसं चांगलंच बोलत होती. मग एक गृहस्थ उठले, ज्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका तू छापल्यास, आणि हात जोडून म्हणाले, "मुकुंदराव अखेर मृत्यूला शांतपणे शरण गेले." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभा राहिलो आणि विचारलं, "शरण गेले हे तुम्हाला कोणी सांगितलं?" ते बिचारे म्हणाले, "मास्तर, तसं म्हणायची पद्धत असते." मी म्हणालो, "मग ती पद्धत भिकार आहे," आणि खाली बसलो.

खाली बसलो, कारण पुढे बोलायचा मला हक्क नव्हता. तोच आरोप जेमतेम महिन्यापूर्वी मी तुझ्या तोंडावर फेकला होता. तू खरंच हत्यार टाकलं होतंस की नाही याचा एकच पुरावा शिल्लक होता, आणि तो तुझ्या टेबलावर एका पालथ्या पितळी वाटीखाली पडून होता. ती वाटी उचलायची हिंमत मला झाली नव्हती.

आपण दोघं काय करायचो हे चिखलीला शेवटपर्यंत कळलं नाही. "मास्तर मेहकरहून एस्टीनं येते आन दोघं म्हातारे बाहुल्या खेयते," एवढंच लोकांना माहीत. बाहुल्या! तीनशे वर्षांपूर्वीची युरोपातली लढाई होती ती. डॅन्यूब नदीच्या काठी ब्लेनहाइम नावाचं खेडं, एका बाजूला फ्रेंच आणि त्यांचे दोस्त, दुसऱ्या बाजूला इंग्रज आणि त्यांचे दोस्त. तुझ्या बंद पडलेल्या छापखान्यातल्या मोठ्या टेबलावर आपण ती करंगळीएवढ्या शिपायांनी लढायचो, दर रविवारी दुपारी. एक लढाई संपायला पाच-सहा रविवार लागायचे, आणि संपली की पुन्हा तीच मांडायची. कोणी हसलं की मी विचारायचो, तुम्ही टीव्हीसमोर बसून क्रिकेट बघता तेव्हा बॅट तुमच्या हातात असते का? आमच्या निदान पलटणी तरी आमच्या असतात.

आणि शिपाई तर तुझ्या छपाईच्या खिळ्यांचेच होते. ऑफसेट आलं, मग संगणक आला, तुझं पायानं चालवायचं ट्रेडल यंत्र गप्प झालं. शिशाचे खिळे वजनावर न्यायला भंगारवाला दारात उभा राहिला, तेव्हा तू त्याला चहा पाजून परत पाठवलंस. "अक्षरं भंगारात नाही देनार," म्हणालास. मग मेणाचा एक शिपाई कोरलास, प्लास्टरचा साचा केलास आणि झिजलेले खिळे शेगडीवर वितळवून ओतलेस. पहिला शिपाई तीनकोनी टोपी घालून बाहेर पडला, पण त्याची बंदूक अर्धीच आली होती. मी म्हटलं, टाकून दे. तू म्हणालास, "काऊन टाकू बे? याले आपन नाईक करू. अर्ध्या बंदुकीचा मानूस जास्त हुशार राह्यते." तो नाईक अजून गावाच्या तोंडाशी उभा आहे.

गावाची घरं तू उरलेल्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची केलीस. चर्चचं छप्पर उचललं की आत सोनेरी अक्षरांत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अजूनही वाचता येतं. डॅन्यूब म्हणजे तुझ्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या, निळ्या साडीचा काठ. तो त्यांना न विचारता कापलास म्हणून त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या, हे तुला आठवत असेल.

आणि तो नकाशा! हा खेळ ज्यावरून उचलला त्या पुस्तकातला नकाशा तू प्लायवूडवर उतरवलास आणि आपण त्यावर सहा वर्षं लढलो. सहा वर्षांनी मी घरी कशासाठी तरी नकाशांचं पुस्तक उघडून बसलो होतो आणि माझ्या हातातला चहा थांबला. डॅन्यूब फ्रेंचांच्या उजव्या हाताला असायला हवी. आपल्या टेबलावर ती डाव्या हाताला होती. गाव, ओढा, टेकड्या, सगळं आरशातल्यासारखं फिरलेलं. जन्मभर उलट्या अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस, तुझी नजर उलटंच बघायला सरावलेली! तुझी चूक निदान समजण्यासारखी तरी होती. मी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. मी मधल्या वारीच एस्टी पकडून चिखलीला आलो आणि धापा टाकत तुला सांगितलं. तू टेबलाकडे पाहिलंस, पुस्तकाकडे पाहिलंस, आणि शांतपणे म्हणालास, "मंग? छापल्यावर सुलटं होईन ना बे."

नकाशा आपण बदलला नाही. पुढची सगळी वर्षं आपली डॅन्यूब उलट्या बाजूनंच वाहिली.

नियमांची वहीसुद्धा आपलीच. मूळ पुस्तकातले नियम अर्धे कळले नाहीत, ते आपण ठरवले. दोघांनी आपापला हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, पितळी वाटीखाली झाकायचा, आणि मग दोन्ही वाट्या एकदम उचलायच्या. वाटी झाकली की त्या हुकुमाबद्दल तोंडही झाकायचं, घरच्यांपाशीसुद्धा बोलायचं नाही. फासे सापशिडीचे. पलटणीवर मारा झाला की ती टिकते की पळते यासाठी जी फेक असायची तिला आपण 'धीर' म्हणायचो. आणि नववं कलम, ज्यावरून आपण सर्वांत जास्त भांडलो: हुकूम लिहिणाऱ्यानेच बदलायचा, आणि तो दुसरा लिहीपर्यंत पहिला चालू राहणार.

त्या नवव्या कलमापायी तू काय केलंस ते मी मेहकरला सगळ्यांना सांगितलं आहे. तू सासरवाडीच्या लग्नाला बीबी गावाला गेलास आणि घोडदळासाठी 'सरळ पुढे' एवढाच हुकूम ठेवून गेलास. पुढे ओढ्याकाठची दलदल. मी तुझ्याच भल्यासाठी फोन केला, म्हटलं, तुझे घोडे चिखलात चाललेत, तोंडी बदल, मी धरतो. मागे बँड वाजत होता आणि तू ओरडून म्हणालास, "लिहिलं ते लिहिलं. छापून झालेली पत्रिका फोनवर बदलते काय?" तुझे घोडे तीन रविवार दलदलीत उभे राहिले. तू हरलास आणि वर मलाच ऐकवलंस की हुकूम पाळणारे घोडे बघून घे.

आता खरं भांडण.

त्या लढाईत गावामध्ये फ्रेंचांच्या सत्तावीस पलटणी कोंबलेल्या होत्या. इतकी गर्दी, की शिपायांना हात हलवायला जागा नाही. बाहेर मैदानात त्यांचं सैन्य फुटलं, त्यांचा सरदार पळताना नदीत बुडाला, आणि संध्याकाळी त्या गावानं हत्यारं खाली ठेवली. एका पलटणीनं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून आपली निशाणं जाळून टाकली. मी नेहमी फ्रेंचांकडून खेळायचो, कारण ते गाव वाचवता येतं असं माझं म्हणणं होतं. आणि तू म्हणायचास, शरण गेले ते शहाणे.

"घरी तं गेले ना ते लोक," तू म्हणायचास.

"घरी कुठे गेले? कैदेत गेले!"

"कैदेतून मानूस घरी येते, मास्तर. मातीतून नाही येत. त्यायच्या बायकायले इचार, निशान जाळनारा पाह्यजे का घरी येनारा."

वीस वर्षं हेच. मी तुला भित्रा म्हणायचो, तू मला भाषणबाज म्हणायचास, वहिनी चहा आणून दोघांना गाढव म्हणायच्या.

मग तुझी मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी विचारलं, शिशाचं काम करत होता का? तू म्हणालास, "हाव, अक्षरांचं." आठवड्यातून दोनदा शहरात जाऊन रक्त धुऊन घ्यायचं, दिवसभर जीपचे धक्के, परत आल्यावर दुसरा दिवस झोपेत. तरी रविवारी तू टेबलाशी यायचास. त्या महिन्यांत नवीन लढाई मांडताना तू अचानक म्हणालास, "या टायमाले गाव मी घेतो." मी चकित झालो. मी इंग्रजांकडे गेलो. पाच रविवारांत तुझं मैदान फुटलं, जसं माझं बहुतेक वेळा फुटायचं. उरलं फक्त गाव. आत तुझ्या सत्तावीस पलटणी आणि तिन्ही बाजूंनी मी.

त्या रविवारी आपण हुकूम लिहिले आणि वाट्या झाकल्या. उचलणार तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि कपाकडे बघतच म्हणाल्या, "भाऊजी, यायनं दवाखान्यात सांगून देलं. मंगळवारपासून जानार नाहीत."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू फासे एका रेषेत लावत होतास.

"खरं आहे?"

"हाव."

"का?"

"थकलो ना बे. आता घरीच राह्यतो."

मग मी जे बोललो ते इथे पूर्ण लिहितो, कारण शोकसभेत माझ्याबद्दल कोणी हे सांगणार नाही. मी म्हणालो, "वीस वर्षं तू हेच म्हणत आलास. शेवटी स्वतःही हत्यार टाकलंस. तुझ्यात लढायची धमक कधीच नव्हती." तू रागावला असतास तर मला बरं वाटलं असतं. तू एवढंच म्हणालास, "मास्तर, वाटी तं उचल." मी उचलली नाही. तुझ्या वाटीखाली काय असणार ते मला ठाऊक आहे, असं म्हणून मी पिशवी घेतली आणि बसस्टँडवर निघून आलो.

पुढच्या रविवारी मी आलो नाही. मेहकरला घरी बसून दर तासाला एस्टीची वेळ बघत होतो आणि जात नव्हतो. त्याच्या पुढच्या रविवारी येणारच होतो, शपथेवर सांगतो, पण गुरुवारी सकाळी फोन आला.

तुला पोचवून आलो तेव्हा टेबलावर चादर टाकलेली होती. तेराव्याला तुझा बीबीचा मेहुणा चादर उचलून म्हणाला, "अस्थी सोडल्या तिथंच हे बी सोडून देऊ पान्यात." मी म्हणालो, शिसं आहे ते, मासे मरतील, आणि चादर पुन्हा पसरली. वाटीला हात लावला नाही. मला भीती होती ती चिठ्ठीवर 'शरण' लिहिलेलं असण्याची. लिहिलेलं असतं तर माझे शब्द खरे ठरले असते, आणि असे शब्द खरे ठरवून मी काय करणार होतो?

परवाच्या सभेनंतर तुझी मनीषा मला जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, उद्या मी आईला नाशिकला घेऊन जातेय. खोली रिकामी करायची आहे. टेबलावरचं तुम्हाला काही हवं असेल तर या." लेकीचं काही चुकत नव्हतं. आई एकटी कशी राहणार, हा तिचा घोर.

म्हणून काल आलो. रविवारच होता. खोलीत खोके भरलेले, चादर घडी करून बाजूला ठेवलेली. वहिनी तुझ्या स्टुलावर बसल्या होत्या.

"तुमी आले नाही त्या रविवारी," त्या म्हणाल्या, "यायनं दोन कप चहा ठेवायले लावला. तुमचा थंडा झाला. मी म्हनलं, फोन करा. तं म्हने, मास्तर येईन, वाटी उचलीन, मंग बोलू."

मुकुंदा, तू मला फोन करून एका वाक्यात गप्प करू शकला असतास. पण वाटी झाकलेली होती, आणि झाकलेल्या हुकुमाबद्दल बोलायचं नाही हे कलम तू मरतानाही पाळलंस. तुझ्या या हट्टीपणाचा मला काल भयंकर राग आला. अजूनही आहे.

"वहिनी," मी म्हटलं, "मुकुंदाची वाटी तुम्ही उचला. माझी मी उचलतो."

माझ्या चिठ्ठीवर होतं: गावावर तिन्ही बाजूंनी हल्ला. एकही वाट मोकळी ठेवू नये.

तुझी चिठ्ठी वहिनींनी मला दिली. चष्मा आत राहिला म्हणाल्या, पण चष्मा त्यांच्या गळ्यातच होता. अक्षर थरथरलेलं, तरी प्रत्येक अक्षर सुटं आणि ओळ सरळ, जशी तू जुळवायचास. लिहिलं होतं: 'सत्तावीसही पलटणी जागेवर. गाव सोडायचं नाही. पांढरं फडकं दाखवायचं नाही. पुढचा हुकूम येईपर्यंत.'

मी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

घरी राहतो म्हणालास ते हे होतं तर! मला वाटलं तू दार उघडून बाहेर येतोयस. तू आतून कडी लावत होतास. आठवड्यातून दोनदा शहरात कुठल्या तरी खुर्चीत सुया टोचून घेण्यापेक्षा तुला तुझ्या छापखान्यात, तुझ्या टेबलाशी, वहिनींच्या हातचा चहा पीत उभं राहायचं होतं. आणि मी, भूगोलाचा मास्तर, सहा वर्षं उलटा नकाशा पाहून मला कळलं नव्हतं, तसंच हेही समोर असून कळलं नाही.

हुकूम उघडला की खेळी खेळावीच लागते. मी हल्ला केला. खरा केला, मुकुंदा, हातचं राखलं नाही. तुला सवलत दिली असती तर तू मला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नसतास. तुझ्या बाजूचे धीराचे फासे वहिनींनी टाकले. आधी म्हणाल्या, मले नाही येत, आणि मग असे खुळखुळवले की वीस वर्षं चहा देता देता त्या काय बघत होत्या ते मला कळलं. गावाची वाट अडवायला आडव्या केलेल्या गाड्यांपाशी माझी पहिली धडक फुटली. चर्चपाशी तुझी एक पलटण डगमगली, एक पाऊल मागे कब्रस्तानात सरकली आणि तिथे थांबली. अर्ध्या बंदुकीचा नाईक जागचा हलला नाही. शेवटचा फासा पडला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "टिकलं का?"

"टिकलं."

मनीषा दारात उभी होती. "आई, गाडी चारला येणार आहे."

"गाडीवाल्याले नाही म्हनून सांग," वहिनी म्हणाल्या. "दिवाळीले येईन मी तुझ्याकडे, चांगली महिनाभर राहीन. पन आता नाही. आन या टेबलाले कोनी हात लावनार नाही."

"अगं पण हे संपणार कधी?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून नववं कलम मनीषाला वाचायला दिलं. तिनं वाचलं, तुझी चिठ्ठी पाहिली, आणि एका खोक्यावर बसून रडली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली म्हणे. मग तिनंच गाडीवाल्याला फोन केला.

तर असं आहे. शोकसभेतल्या त्या गृहस्थांना मी आज चिठ्ठी दाखवायला जाणार आहे. त्यांना हवं तर त्यांनी मला वेडा म्हणावं. पुस्तकात ते गाव त्याच संध्याकाळी पडलं हे मलाही माहीत आहे. पण पुस्तकातली डॅन्यूब उजव्या हाताला आहे. आपली डाव्या हाताला आहे, आणि आपल्या टेबलावर पुस्तकाचं काही चालणार नाही.

निघताना मी तू हुकुमांसाठी छापलेली एक कोरी चिठ्ठी घेतली आणि त्यावर लिहिलं, 'हत्यार टाकलंस हे शब्द मी मागे घेतो. मास्तर.' ती माझ्या वाटीखाली ठेवली. मला ते करता आलं, कारण मी बोललो होतो आणि मी अजून आहे. तुझा हुकूम बदलू शकणारा एकच माणूस होता, आणि तो गेला. तेव्हा आता गाव सोडायचं नाही.